ओरिजेनच्या वहीतले चार शब्द

मी, रविकांत शमुवेल वाघचौरे, वय चौसष्ट वर्षे, मूळ राहणार शरणपूर, नाशिक, सध्या राहणार अब्बासिया, कुवेत, शुऐबा येथील एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ड्राफ्ट्समन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या बुधवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, धमकावलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. अकरा वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी ते पाच मिनिटे ठिकाणावर असते, तर हा कागद निम्म्यात आटोपला असता.

कलम १. सन २००१ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात फक्त मालमत्ता होती.

कलम २. माझे दफन जिथे मरण येईल तिथे करावे. माझी मुलगी जुईली हिने मला नाशिकला नेण्याची खटपट करू नये. चौथ्या शतकातल्या संत ऑगस्टीनच्या आईने नवऱ्याशेजारची जागा आयुष्यभर मनात धरून ठेवली होती आणि शेवटी परक्या बंदरात आजारी पडल्यावर मुलांना सांगितले की कुठेही पुरा, फक्त प्रार्थनेत माझी आठवण ठेवा. माझी पत्नी सरोजिनी नाशिकच्या दफनभूमीत आहे. ती समजून घेईल, तिने माझे याहून वाईट बेत समजून घेतले आहेत.

कलम ३. माझी आरामखुर्ची, जिच्यात आमच्या इमारतीखालच्या बकाल्याचे, म्हणजे किराणा दुकानाचे मालक गफूर रोज संध्याकाळी येऊन बसतात, ती मला गफूरना द्यायची होती. पण मुंबईच्या वकिलांनी पत्राने कळवले की जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्राने काहीही मिळू शकत नाही. मृत्युपत्र टिकते, देणगी तेवढी रद्द होते. हे मी गफूरना समजावून सांगितले. गफूर रत्नागिरीचे. ते म्हणाले, "मंग खुर्ची आताच न्हेतो की. सही मागनं करतो." आणि खरोखरच नेली. सबब हे कलम निकाली निघाले आहे. मी हे स्टुलावर बसून लिहीत आहे.

कलम ४. माझा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, पेन्सिली आणि मोठा इंग्रजी-मराठी शब्दकोश जुईलीला द्यावा. बोर्डाचा तिला उपयोग नाही, ती कुवेत सिटीत बँकेत आहे. शब्दकोशाचा उपयोग व्हावा अशी इच्छा आहे. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोष तिचा नाही. तिच्या लहानपणीचे सगळे शुक्रवार मी सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसांना दिले.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. माझ्या कपाटात अकरा वह्या आहेत. ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या चार-पाच शतकांत जे आचार्य आणि लेखक होऊन गेले, तर्तुलियन, ओरिजेन, क्रिसोस्तोम, जेरोम, ऑगस्टीन आणि इतर, त्यांची ओळख मराठीत करून देणारे हे लिखाण आहे. कुवेतला सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमची मराठी उपासनाही शुक्रवारी. भाड्याचा हॉल, तीसेक कुटुंबे. उपासनेनंतर अर्धा तास एकेका आचार्यावर धडा होत असे. ही कल्पना माझे मित्र विश्वास आढाव यांची. ते अहमदनगरचे, आमच्याच कारखान्यात स्टोअरकीपर. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणलेले जाडजूड इंग्रजी ग्रंथ ते वाचत आणि कच्च्या वहीत मराठी लिहून काढत. मी त्यावरून ड्राफ्ट्समनच्या अक्षरात पक्की वही करत असे.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकी सैन्य शिरले. सप्टेंबरात आम्ही बसने बगदादमार्गे जॉर्डनच्या हद्दीवर गेलो. माणशी एकच बॅग. मी माझे दाखले, दोन सूट आणि ट्रान्झिस्टर घेतला. विश्वासने त्याच्या बॅगेत तोवर झालेल्या सगळ्या वह्या घातल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. एका नाक्यावर सैनिकाने बॅग उघडून वह्या उलटसुलट केल्या आणि हे काय म्हणून दरडावून विचारले. विश्वासला अरबी जेमतेम येत होते. तो छातीवर हात ठेवून "कदीम, कदीम" म्हणत राहिला. कदीम म्हणजे जुने. सैनिकाने बॅग परत दिली. तंबूत तो अठरा दिवस त्या बॅगेवर डोके ठेवून झोपला. मी त्याला माझा एक सूट दिला नाही. त्याने मागितलाही नव्हता.

दीड वर्षाने आम्ही परत आलो. कामही पुन्हा सुरू झाले आणि आमचे भांडणही. भांडण जेरोम आणि रुफिनस यांच्यावरून होते. हे दोघे तरुणपणचे जिवलग मित्र. दोघांनी ओरिजेनचे ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. पुढे ओरिजेनच्या शिकवणीविषयी लोकांना शंका येऊ लागल्या, तेव्हा जेरोमने अंग काढून घेतले. नेमके त्याच सुमारास रुफिनसने आपल्या भाषांतराच्या प्रस्तावनेत जेरोमची तोंडभरून स्तुती केली, की या वाटेने आधी गेला तो हाच. जेरोम संतापला. मैत्री तुटली ती कायमची. रुफिनस पुढे गप्प बसला. सिसिलीत तो वारल्यावरही जेरोमने त्याला विंचू म्हणून हिणवले. मी जेरोमच्या बाजूचा. विश्वास मला चिडवत असे, "तुझा जेरोम संत असेल बाबा, पण शेजारी म्हणून नको."

१९९५ च्या ऑक्टोबरात ओरिजेनची वही पूर्ण झाली. मुंबईचे एक पाहुणे पाळक नोव्हेंबरात येऊन आमच्या वह्या पाहणार होते, आणि त्यानंतर मंडळीच्या सेक्रेटरीची निवड होती. ते पद मला हवे होते. विश्वासने त्या वहीला प्रस्तावना जोडली: "या कामात रविकांतराव माझे गुरू. जिथे माझे वाक्य अडले तिथे त्यांनी ते पुढे नेले." मला वाटले, पाळकांसमोर ओरिजेनशी माझे नाव जोडून हा मला अडकवतो आहे. मी त्याच्या घरी जाऊन बोललो. तो हसायलाच लागला. "अरे, कौतुक केलंय रवी, खटला नाही भरला." मी ते पान त्याच्यासमोर फाडले. जेरोम आणि रुफिनसची सबंध गोष्ट आम्ही दोघांनी मिळून भाषांतरित केलेली होती. एक-एक शब्द माझ्या अक्षरात कपाटात पडला होता. तरीही मी त्याच खड्ड्यात गेलो.

कलम ६. जे आजवर कोणाला सांगितले नाही ते येथे नमूद करतो. ओरिजेनच्या कच्च्या वहीत विश्वासने लिहिले होते: "शेवटी कोणीही बाहेर उरणार नाही, अशी ओरिजेनला आशा होती." पक्की वही करताना शेवटचे चार शब्द मी गाळले. कोणाला विचारले नाही. वाक्य तिथेच थांबले की कानाला बरे लागत होते, एवढेच कारण. पण त्यामुळे ओरिजेनची आशा ही आमची ठाम शिकवण होऊन बसली.

पाहुण्या पाळकांनी भर सभेत नेमके तेच वाचले. "शेवटी कोणीही बाहेर उरणार नाही! म्हणजे सैतानसुद्धा तरणार? हे तुम्ही मंडळीत शिकवता? कोणी लिहिलं हे?" मी उभा राहून म्हणालो, "ओरिजेनचं प्रकरण विश्वासचं आहे." ते खरे होते, आणि मी आयुष्यात याहून मोठे खोटे बोललेलो नाही. विश्वास माझ्याकडे पाहत राहिला. मी सांगेन म्हणून तो थांबला होता, हे मला कळत होते. मी भिंतीवरच्या एसीकडे पाहिले. त्याचे धडे त्या दिवसापासून बंद झाले. पुढच्या महिन्यात मी सेक्रेटरी झालो.

पुढची तीन वर्षे विश्वास दर शुक्रवारी पत्नीला, म्हणजे शर्मिलावहिनींना, गाडीने हॉलवर सोडत असे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर गाडीत बसून राहत असे. जुलै-ऑगस्टच्या उन्हात इंजिन चालू ठेवून. मी फाइल घेऊन आत जाताना तो हात वर करायचा. मी घड्याळ बघायचो. "आत चल" हे दोन शब्द माझ्या तोंडून दीडशे शुक्रवारांत निघाले नाहीत.

नोव्हेंबर १९९८ मध्ये तो कारखान्याच्या स्टोअरमध्येच कोसळला आणि गेला. पेटी विमानाने पाठवण्याचे कागद गफूरनी केले. ते काम माझे होते. पुढच्या शुक्रवारी शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी म्हणालो, "विश्वासरावांचं मराठी सुंदर होतं. अर्थ मात्र पुष्कळदा त्यांचा स्वतःचा असायचा." काही लोक हसले. शर्मिलावहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या, पर्स घेतली आणि निघून गेल्या. त्यानंतर वहिनी त्या हॉलमध्ये आलेल्या नाहीत. मला या गोष्टीची लाज वाटते. अजून शब्द शोधले, यापेक्षा नेमका मिळाला नाही.

कलम ७. शरणपूर, नाशिक येथील माझा दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा असून त्यावर कर्ज नाही. तो मी श्रीमती शर्मिला विश्वास आढाव यांना देत आहे. त्या येथील एका शाळेत शिवण शिकवतात आणि अब्बासियात एका भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांचे स्वतःचे घर कोठेही नाही. जुईलीला मी विचारले आहे. ती म्हणाली, "इट्स युवर हाउस, पप्पा. बट डझ शी वॉन्ट इट?" हा प्रश्न मला सुचला नव्हता.

म्हणून सह्या होण्यापूर्वी हे मृत्युपत्र मी शर्मिलावहिनींना वाचायला देणार आहे. माझ्या मागे वाचले जाणे सोपे आहे. मला ते समोर बसून सोसायचे आहे.

कलम ८. अकरा वह्यांचे पुस्तक करून छापावे. खर्चाची तरतूद बँकेतील शिलकेतून करावी. पुस्तकावर नाव फक्त विश्वास आढाव यांचे असावे. माझे नाव कोठेही, आभारातसुद्धा, नसावे. ओरिजेनच्या प्रकरणातील माझे वाक्य काढून तेथे विश्वासचे मूळ वाक्य, चारही शब्दांसह, घालावे. पाहुण्या पाळकांवर माझा राग होता. तो सोडला. त्यांनी फक्त प्रश्न विचारला होता.

कलम ९. वर न आलेली सर्व मालमत्ता, आणि वरील एखादी देणगी कोणत्याही कारणाने निष्फळ ठरल्यास तीही, जुईलीची. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

कलम १०. साक्षीदार म्हणून गफूर आणि त्यांच्या पत्नी फखरुन्निसा सही करतील.

जादा नोंद, त्याच दिवशी. शर्मिलावहिनी सकाळी दहाला आल्या. आठ वर्षांत प्रथमच. बसायला खुर्ची नव्हती. गफूरनी वर आणून दिली. वहिनींनी सबंध कागद वाचला, कलम तीन दोनदा वाचले. मग विचारले, "भाऊजी, साक्षीदाराला काही मिळत नाही, हे नक्की ना?" मी म्हणालो, नक्की. त्यांनी माझ्या हातातले पेन घेतले. फखरुन्निसा यांचे नाव खोडले आहे ते त्यांनी, आम्हा सर्वांसमोर. मी त्यांना अडवले. "वहिनी, असं करू नका. घर जाईल तुमचं." त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी सही करा. आम्ही बघतोय." मी सही केली आहे. त्यांनी आपल्या सहीच्या वर काही ओळी लिहिल्या आहेत, त्या या मृत्युपत्राचाच भाग समजाव्यात.

स्थळ: अब्बासिया, कुवेत
दिनांक: ९ जून २००६, शुक्रवार

(सही) रविकांत शमुवेल वाघचौरे

आम्ही दोघांनी रविकांत यांना आमच्या डोळ्यांसमोर सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) गफूर

साक्षीदार २: ~~फखरुन्निसा~~

घर नको. कलम तीन समजून सही करते आहे.
वाक्य कोणी तोडले हे मला त्याच शुक्रवारपासून माहीत आहे. कच्ची वही माझ्याकडे आहे. शेवटचे चार शब्द ह्यांनी नंतर गाडीत बसून स्वतःच्या हाताने खोडले. म्हणाले, "रवीनं बरोबर केलं. असंच पाहिजे."
म्हणून वाक्य आहे तसेच छापावे, आणि पुस्तकावर दोघांची नावे घालावीत.

(सही) शर्मिला विश्वास आढाव