कुलूपवाल्यांची हरकत

दि. ३ मे

चि. बुटकीस बाबाचे पोतंभर आशीर्वाद.

तू खात्यात अधिकारी झालीस, त्याचा खरा खर्च कळवतो. अख्ख्या गल्लीला चहा पाजला, तो धरत नाही. सगळ्यांना सांगून सांगून तुझ्या आईचा आवाज बसला, तोही परत येईल, तशी घाई नाही. खरा फटका वेगळाच. आपल्या कुलपांचं पितळ ओतून देणारा ओतारी उभा जन्म माझ्याशी भांडत आला. तो आता मला अहोजाहो करतो. मालाला भोकं निघाली तर मुकाट्याने परत नेतो. भांडायला हक्काचं माणूस उरलं नाही.

आता कामाचं. तुमच्या व्यापार-उद्योग खात्याची सूचना पेपरात आली आहे. परदेशी कुलपांवरची जकात उठवणार म्हणे, आणि कोणाची हरकत असेल तर त्याने जूनअखेर लेखी कळवावी. जकात उठली तर यंत्रातून पडलेलं कुलूप आपल्या निम्म्या भावात मिळेल, आणि एकेक लिव्हर कानशीने जुळवणारी आपली गल्ली वर्षभर तगणार नाही. सगळे घाबरून माझ्याकडे आले. मी म्हटलं, माझी पोर तिथे बसली आहे, बिनघोर झोपा.

पण तिथे नेमकं कोण काय करतं ते मला नीट लिही. फुशारकी मारायची तर माहिती पक्की हवी. स्प्रिंगा वळणाऱ्या मावशी विचारतात, पोरीला पाठ टेकायला खुर्ची दिली आहे की नुसतंच स्टूल?

पत्र लांबलचक लिही, माया आखडती घेऊ नकोस.
तुझा बाबा

दि. १४ मे

ती. बाबांस सा. न. वि. वि. आईला नमस्कार वेगळा, तुमच्यातला अर्धा देऊ नये.

मावशींना सांगा, खुर्ची आहे, फक्त तिचा एक हात मोडका आहे. खातं म्हणजे एक उंच इमारत. सगळ्यात वर मंत्री. ते बदलतात. त्यांच्या खाली सचिव. ते बदलत नाहीत, म्हणून शिपायापासून सगळे त्यांनाच जास्त घाबरतात. मग मजल्यामजल्यावर विभाग. एक मोठ्या कारखान्यांचा, एक परदेशी व्यापाराचा, एक कंपन्यांची नोंदणी करणारा, एक गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणारा. आणि तळमजल्यावर जिन्याखाली आमचा, लहान कारखान्यांचा. व्यापारवाले म्हणतात स्वस्त माल येऊ द्या, आम्ही म्हणतो आमची माणसं मरतील. दोघांना भांडू द्यायचं आणि त्यातून निर्णय काढायचा, हेच खात्याचं काम. पण आम्हाला भांडायचं तर हातात कारखानदारांचं लेखी म्हणणं लागतं. नुसती कळकळ चालत नाही.

आता नीट वाचा. घरचाच धंदा कुलपांचा, म्हणून मला नियमाप्रमाणे तसं लिहून द्यावं लागलं. कुलपांचं प्रकरण माझ्या टेबलावरून काढून घेतलं आहे. मी त्याबद्दल कोणाला विचारायचं नाही, कोणी मला सांगायचं नाही. त्यामुळे माझ्याकडून काहीही होणार नाही. सूचना सर्वांसाठी आहे. ज्याची हरकत असेल त्याने लिहावं, आणि तुम्हीही लिहा.

परवा मी डोंगराकडच्या कारखान्यांच्या पाहणीला निघते, मुक्काम रोज वेगळा. परतायला जुलै उजाडेल, तोवर तुमची पत्रं खोलीवर वाट बघतील.

लोभ आहे तेवढा असू द्यावा, थट्टा थोडी आवरावी.
तुमची बुटकी

दि. २६ मे

चि. बुटकीस आशीर्वाद, आणि शाबासकी वर.

तुझं पत्र वाचून मला हसू आवरेना. सरकारी माणसाने कागदावर असंच लिहायचं असतं! अगं, तुझ्या बापाने कचेऱ्यांच्या बाहेरच्या बाकांवर जन्म काढला आहे. साहेब जोरात म्हणाला की इथे काही होणार नाही, की समजावं काम झालं. बोललेलं सगळ्यांनाच ऐकू येतं, गिळलेलं मला ऐकू येतं. समजलो. काळजी नसावी.

ओताऱ्याने हरकती लिहायला कागद आणून ठेवले होते. मावशी अंगठा उठवायला पदर खोचून हजर. मी सगळ्यांना थांबवलं. म्हटलं, गल्लीतून ढीगभर पत्रं गेली तर पहिलं बोट माझ्या पोरीकडे वळेल, की हिनेच बापाला चढवलं. नोकरी नवी, उगाच तिच्या पोटावर पाय नको. ओतारी जरा कुरकुरला. मावशींनी मात्र लगेच हात मागे घेतला. पोरीला त्रास होणार असेल तर माझा अंगठा माझ्याजवळच बरा, म्हणाल्या.

आता गल्ली निवांत आहे. मी तर सांगून टाकलं, की आपल्या कुलपांपायी मंत्री स्वतः डोकं धरून बसला असेल.

डोंगरात गार वारं असेल, कान बांधून हिंड. आमची आठवण काढत जा, फुकट असते.
तुझा बाबा

दि. ३ जुलै

ती. बाबांस नमस्कार.

काल परतले. दाराखालून सरकवलेलं तुमचं पत्र उचललं आणि उभ्याउभ्याच वाचलं. मुदत तीनच दिवसांपूर्वी संपली.

बाबा, मी काहीही गिळलं नव्हतं. जे लिहिलं तेच सांगायचं होतं. तुमचं न ऐकता कोणी तरी, एकाने तरी, पत्र टाकलं असेल ना? ओताऱ्याने? तो तर तुमचं कधीच ऐकत नाही. इथे मला कोणाला विचारता येत नाही. मी जेवायला जाऊन बसले की त्या विभागातले बोलायचे थांबतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

उलट टपाली कळवा.
बुटकी

दि. २० ऑक्टोबर

चि. बुटकीस आशीर्वाद.

जुलैतल्या पत्राला उत्तर दिलं नाही. काय देणार होतो? कोणीही पत्र टाकलं नव्हतं. गल्लीत माझं सगळे ऐकतात. ओतारीसुद्धा ऐकायला लागला होता.

जकात उठल्याचं तुला ठाऊकच आहे. दुकानदार आपलं कुलूप हातात घेऊन बघतात, छान आहे म्हणतात, आणि परत ठेवतात. ओताऱ्याने भट्टी विझवली, आता गोदामात ओझी उचलतो. महिनाअखेर मीही दार लावून घेणार.

मावशी लेकीकडे राहायला गेल्या. लेकीच्या सासरच्या दारात म्हातारपण काढणार नाही म्हणायच्या, तिथेच गेल्या. जाण्याआधी निरोप घ्यायला आल्या. मी खाली मान घालून उभा. वाटलं, आता शिव्या देतील, आणि द्याव्यात असंही वाटलं. त्यांनी विचारलं काय, तर एवढं करून तुमच्या पोरीला त्रास तर नाही ना झाला? तुझी आई आत पळाली. मी म्हटलं, नाही झाला, आणि कानस घेऊन घासत बसलो. पुढ्यात घासायला काही नव्हतं.

राजीनाम्याचं तू आईला लिहिलंस ते मी वाचलं. देऊ नकोस. एवढ्या लोकांनी तुझी नोकरी सांभाळली आहे.

एकच सांग. एवढं मोठं प्रकरण, मंत्र्याने कधी तरी विचारलं असेल ना, की हे कुलूपवाले गप्प का? काय म्हणाला तो? आता मला गोड करून काही लिहू नकोस.

बाबा

दि. २९ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

निर्णय झाल्यावर प्रकरण कोणालाही वाचायला मिळतं. मी रजा टाकली, बाहेरच्या लोकांबरोबर रांगेत उभी राहिले आणि वाचलं. बोटभरही जाड नव्हतं. व्यापार विभागाने जकात उठवा म्हटलं आहे. आमच्या विभागाने लिहिलं आहे की कारखानदारांचं म्हणणं आलेलं नाही, सबब आमचं मत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या भल्या माणसाचं अक्षर आहे. आमच्या बाजूने भांडायला तो तयार होता, हे त्याने मला आत्ता सांगितलं.

राजीनामा देत नाही. रोज त्याच खुर्चीवर बसते. मावशींचा पत्ता कळवा. त्यांना काय लिहायचं ते सुचलेलं नाही, तरी कळवा.

तुमच्यावर रागावता आलं असतं तर सोपं होतं. तुम्ही मला जपलंत, त्याचं काय करू?

लोभ होता तसाच राहावा. माझा आहे.
तुमची बुटकी

ता. क. मंत्र्यांचं विचारलंत. ज्या प्रकरणावर एकही हरकत नसते, ते मंत्र्यांकडे जातच नाही. तिसऱ्या मजल्यावर सही होते.