छत्रीवर डूख धरणारे कावळे

आबा,

दौंडच्या शाळेत संस्कृत शिकवायला लागून मला आता आठ वर्षं झाली. मधली सुट्टी जवळ आल्याचं कावळ्यांना माझ्याआधी कळतं. शिपाई घंटेकडे निघाला की ते कौलांवर येऊन बसतात, आणि रविवारी एकही फिरकत नाही. हजेरीत मुलांपेक्षा बरे. त्यांना पाहिलं की शिरूरचं आपलं अंगण आठवतं. कडुनिंबावरून पडलेलं पिल्लू मांजरानं धरू नये म्हणून तुम्ही ते तुमच्या फाटक्या काळ्या छत्रीत उचलून भिंतीवर ठेवलंत. करायला गेलात पुण्य, पण त्या दिवसापासून छत्री घेऊन बाहेर पडलात की कावळे डोक्यावर टोचत तुम्हाला थेट शाळेपर्यंत पोचवायचे. छत्री नसेल तर ढुंकूनही बघायचे नाहीत. पुढच्या वर्षी बघते तर काय, तेव्हा जन्मलीही नव्हती अशी नवी पिल्लं आईबापांमागून ओरडत येतायत. तुम्ही दारात उभे. टोपी सावरत म्हणता, "बघ, न लिहिता पाठांतर पुढच्या पिढीकडे कसं जातं ते. माझ्या वर्गात असा एक तरी हवा होता." चिडला नव्हतात. देवळात उभं राहावं तसे वर बघत होतात, आणि मीही.

तुमचा दहावा घोडनदीच्या काठी झाला. दानात छत्री द्यायची, तर निमोण्याचे काका म्हणाले, "नवी कशापायी? दादाची हाय की," आणि ती पिंडाशेजारीच टेकवली. बाभळ कावळ्यांनी काळी झालेली, पण एकही उतरेना. तास गेला. मंडळी तुमच्या राहिलेल्या इच्छा शोधू लागली. काका माझ्याकडे वळले. "पोरी, दादाचा जीव तुझ्यात अडकलाय. म्हण, पुण्याचं कालेज सोडते, औंदा लगीन करते. म्हंजी शिवंल."

"आणि तरी नाही शिवला तर?"

"मग बघू. आधी म्हण तर."

आई नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि ते काकांच्या बोलण्याहून अवघड होतं. मी मान वर केली. कावळे भाताकडे बघतच नव्हते. माना तिरप्या करून सगळे छत्रीकडे बघत होते. आपल्या अंगणापासून नदी एवढी लांब, तरी इथल्यांनाही ठाऊक. छत्री उचलून मी देवळाकडे चालू लागले, तशी अर्धी बाभळ माझ्या डोक्यावर आली. छत्री आत ठेवून परतते तो पिंडाला कावळा शिवलेला.

"म्हंजी छत्री दान द्यायची नव्हती व्हय दादाला," काका म्हणाले.

छत्रीची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. एवढंच सांगत नाही की छत्री उचलण्याआधी, आईचा चेहरा बघून, मी मनातल्या मनात तुम्हाला शब्द देऊन टाकला होता, कॉलेज सोडते म्हणून. कावळा शिवला, आणि जूनमध्ये मी पुण्याची एस.टी. पकडली. तुम्ही हसला असता की रागावला असता, हे अजून ठरवता येत नाही. म्हणून हा कागद कुणाला न दाखवता संस्कृतच्या शब्दकोशात घालून ठेवते आहे.