चौथ्या तुळईतला खिळा

प्रिय वेलुण्णी आशारी यांस,

पुळक्करच्या मशिदीत बांग देणारा मुक्री बीरान याचा सलाम आणि नमस्कार. तुला दोन्ही चालतात. पालक्काडला लेकीकडे तुझा गुडघा कसा आहे? देवयानीवहिनींचा दमा? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत (हे खोटं आहे, पण पत्राची सुरुवात अशीच करतात). तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र माझा भाचा शंसू याच्या हाती पाठवतोय.

गेल्या वर्षी कमिटीने कौलांचं काम तुला सोडून बाहेरच्या कंत्राटदाराला दिलं, तेव्हापासून तू रुसलास. ते चुकलंच. मी गप्प बसलो, तेही चुकलं. पण आता माझ्यावर काय ओढवलंय ते ऐक. याच शंसूने अबुधाबीहून मशिदीसाठी घड्याळ आणलं. परातीएवढं, हिरव्या दिव्यांचं, पाची नमाजांच्या वेळा दाखवणारं. शुक्रवारच्या आत लागलंच पाहिजे म्हणून हटून बसला. सुंभाने बांधलं तर ते मान टाकायचं. शेवटी मी चौथ्या तुळईत खिळा ठोकला. हो, खिळा. जिथे चारशे वर्षं लाकडात लाकूड बसवून तीन थरांचं छप्पर उभं आहे, ज्या मशिदीला सामूतिरी राजाने सागवान दिलं आणि तुझ्या सुतार पूर्वजांनी लोखंडाचा कणही न लावता जी बांधली असं आपण लहानपणापासून सांगत आलो, तिथे. (बिनखिळ्याच्या मशिदीत हातोडी कुठून असणार? घरून वरवंटा नेला. बायको बीपात्तु तेव्हापासून चटणीही वाटत नाही आणि माझ्याशी बोलतही नाही.)

एवढ्यावर भागलं असतं. पण येत्या गुरुवारी तिरुवनंतपुरमहून जुन्या इमारतींवर पुस्तक लिहिणाऱ्या एक बाई येताहेत. आपल्या मशिदीवर त्यांचं अख्खं प्रकरण आहे, 'एकही खिळा नसलेली मशीद'. फोटोसाठी घड्याळ उतरवून ठेवा, असं त्यांनी कळवलंय. शिवाय बाई पिशवीत लोहचुंबक घेऊन फिरतात म्हणे. बांग देताना नजर तुळईवर जाते आणि आवाज चिरकतो. चार पिढ्या आमच्या घराण्याने ही मशीद झाडली, आणि नाव राहणार ते खिळा ठोकणाऱ्या बीरानचं. नोकरी जाईल ते वेगळंच. खिळा उपटायला गेलो, तर तुळई अशी करकरली की मी शिडीवरून मुकाट खाली उतरलो.

काल कमिटीचे अध्यक्ष कुंजालवी हाजी यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हाकलतात. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि हळूच विचारलं, "चौथी ना? नक्की चौथीच?"

हो म्हटलं.

"मग ठीक. बाईंना सहावीकडे मात्र फिरकू देऊ नकोस. पहिला पंखा आला तेव्हा मी तरुण होतो रे."

वहिनींना सलाम, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
बीरान

ता. क. बुधवारपर्यंत पटाशी घेऊन ये. खिळे काढून दोन्ही भोकं सागवानाने अशी बुजव की चुंबकालाही आणि हाजींनाही कळता कामा नये. हे तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी सहावीखाली शिडी लावली. हाजींचा खिळा सापडला. तिथून वर बॅटरी मारली, तर आढ्याला आणखी एक दिसला. चौकोनी डोक्याचा, हाताने घडवलेला, गंजून काळा झालेला. आतून त्या आढ्यापर्यंत आजवर तुझ्या घराण्याशिवाय कुणी चढलेलं नाही; गेल्या वर्षीचा कंत्राटदारही बाहेरून कौलांवरूनच परतला. मी कुणाला बोललो नाही, बोलणारही नाही. तीन भोकांपुरतं सागवान आण.