शंभरातल्या सात पेशी

९ जानेवारी

नऊ मिनिटांनी थोरल्या बाईसाहेबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटेल, म्हणून लिहिते आहे.

परवा दुकानात गणवेशाच्या कापडाचा तागा वरच्या फळीवरून काढत होते. हात ताणला, तर डाव्या बाजूला काखेच्या जरा खाली काहीतरी आडवं आल्यासारखं वाटलं. चाचपलं. वाटाण्याएवढं, घट्ट. दाबलं तरी दुखत नाही. न दुखणाऱ्या गाठीची भीती तू मला वीस वर्षं घालते आहेस, तेव्हा दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सुईनं तुकडा काढून घेतलाय. सोमवारी कळेल. काज-बटणं करणाऱ्या बाईंना दात काढायला गेले होते असं सांगितलं, तर त्यांनी दिवसभर मला मऊ-मऊ खायला लावलं.

आई अशाच गाठीनं गेली तेव्हा ती एकोणचाळीसची होती नि आपण अकराच्या. आता आपल्याला त्रेचाळीस. चार वर्षं मी मनातल्या मनात म्हणत होते की सुटलो बाई. तूही तपासून घे. तुझं माझं शरीर एकाच कापडातून बेतलेलं आहे. तुझ्या लेकीला, चिमणीला, एवढ्यात काही बोलू नकोस, परीक्षा आहे तिची.

लोभ आहेच, सध्या थोडा वाढवून पाठव.
तुझी धाकटी


१९ जानेवारी

चि. धाकटीस,
नऊ मिनिटांच्या हक्कानं अनेक आशीर्वाद.

तेच आहे, एवढंच म्हणून तू फोन ठेवलास. मी प्रयोगशाळेत कामाला बसले. लोकांच्या गाठींचे केसाहून पातळ काप काढायचे, काचपट्टीवर चढवायचे, रंग द्यायचा, हेच तर करत आले. काचपट्टीवर फक्त नंबर असतो. मला त्या नंबरांची कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. पातं खाली ठेवलं नि शेजारच्या मुलीला पुढचे काप काढायला सांगितले.

माझी तपासणी झाली. काही निघालं नाही. डॉक्टर हसून म्हणाले, घरी जा, निवांत झोपा. घरी आले नि नळ सोडून न्हाणीघरात रडत बसले. एका जिवाचे दोन झालेल्या आपण, जनुकं अक्षरन् अक्षर सारखी, मग तुलाच का? आईकडून एखादं बिघडलेलं जनुक आलंय का, ते तपासायला सांग. आलं असेल तर ते माझ्यातही असणार, नि निदान आपली फिटंफाट होईल.

औषधं सुरू झाली की रजा काढून येते. नको म्हणालीस तरी येणार.
माया कमी पडू देणार नाही,
तुझी थोरली


६ मार्च

ती. थोरलीस,
सा. न. वि. वि.

तू गेलीस नि तिसऱ्या दिवशी उशीवर केस सापडले. आता आपल्याला कोणीही वेगवेगळं ओळखू शकेल. शाळेत तुझ्या वाटचे फटके मी खाल्ले, ते आता कोणी खाऊ देणार नाही.

जनुकांचा निकाल आला. स्वच्छ! एकही बिघाड नाही. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मग हे आलं कुठून? त्यांनी खुर्ची ओढली नि नीट समजावलं. पेशीत मोडतोड झाली तर ती दुरुस्त करणारं एक राखणदार जनुक असतं म्हणे. माझं ते धडधाकट आहे, पण गाठीत ते बंद पडलंय. त्याच्यावर बारीक रासायनिक खुणा चिकटल्यात, मिथाइलच्या, नि पेशीला ते वाचताच येत नाही. आहे, पण नसल्यासारखं. राखणदार झोपल्यामुळेच औषधानं केलेली मोडतोड गाठीला सावरता येत नाही नि ते चांगलं लागू पडतंय, असंही म्हणाल्या. गाठ निम्मी झाली आहे.

अशा खुणा वयानं पडतात, कशाकशानं पडतात, काही वेळा जन्माआधीच पडतात. माझ्या कधी पडल्या ते कळायला त्यांना तुझं रक्त हवंय. जुळी बहीण म्हटल्यावर त्यांचे डोळे असे चमकले, की मला तुझी काळजीच वाटली. देशील ना?

आठवण ठेव म्हणायची गरज नाही, आरसा आहे तुझ्याकडे.
तुझी टकली धाकटी


२८ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या दोन पत्रांत मी तुला पडदे, शेजारीण आणि चिमणीचे मार्क यांवर पानंच्या पानं लिहिली. तू ओळखलंस नि सरळ विचारलंस की रक्ताचं काय झालं. निकाल येऊन पाच आठवडे झाले. तुझं ऑपरेशन तोंडावर होतं, म्हणून दडवला. रागाव.

माझ्या रक्तातही तेच आहे. शंभरातल्या सात पेशींत ते जनुक बंद. तुझ्या रक्तातही सातच. दोघींत सारखंच, म्हणजे बहुधा आईच्या पोटात असतानाच, आपण दोन होण्याच्याही आधी, ते बंद पडलं असावं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार नव्हे, धोका आहे. सगळ्यांनाच होतं असं नाही. मी मान डोलावली. मग त्यांनी मोठ्या यंत्रात पुन्हा तपासणी करवली. जानेवारीत जिथं काही नव्हतं तिथं सहा मिलिमीटरचा ठिपका आहे. तुझ्यासारखाच डावीकडे.

गुरुवारी ऑपरेशन. माझा तुकडा माझ्याच प्रयोगशाळेत जाणार होता. मी हात जोडून दुसरीकडे पाठवायला लावला.

तू गाठ चाचपली नसतीस तर मी आणखी दोन वर्षं निवांत झोपले असते.
तुझ्या जिवाला जपून असलेली,
थोरली


१४ ऑक्टोबर

ती. थोरलीस,
सा. न. वि. वि.

तुझं सगळं निघालं, काखेतही पसरलं नव्हतं, हे वाचून मी शिलाईयंत्रावर डोकं टेकलं. आता माझी पाळी. तू पाच आठवडे दडवलंस, मी सात. तुझी औषधं संपायची वाट पाहत होते.

माझं परत आलंय. या वेळी यकृतात. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तुकडा तपासला. त्या पेशींनी खुणा झटकून टाकल्यात नि ते जनुक उघडलंय. राखणदार जागा झाला, थोरले, पण गाठीच्या दारात. औषधानं केलेली मोडतोड तो आता तिचीच दुरुस्त करून देतो. माझ्या कामाच्या वेळी झोपला नि तिच्या कामाला उठला. मला हसू आलं, आणि बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. दुसरं औषध देताहेत. त्याच्याबद्दल त्या फार बोलत नाहीत.

दुकान काज-बटणवाल्या बाईंच्या हवाली केलंय. त्यांना दाताची थाप कळली आहे. बोलत नाहीत माझ्याशी, पण दुपारी पाय चेपून जातात.

चिमणीचं काय? आईकडून लेकीकडे हे जातं की नाही, ते अजून कोणाला ठाम सांगता येत नाही. पण ती आता एकोणीसची आहे. तिला सगळं सांग नि काय करायचं ते तिलाच ठरवू दे. आपल्या दोघींचं दडवणं पुरे झालं.

माझ्या वाटचा लोभ आता तिच्याकडे वळव.
तुझी धाकटी


३ नोव्हेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आईनं तुझी नि तिची सगळी पत्रं माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली. मी वाचत असताना तिनं गॅलरी दोनदा झाडली.

मला तुम्हा दोघींचा फार राग आला. मावशीला साधा अशक्तपणा आलाय नि आईची गाठ साधीच होती, हे तुमचं सांगणं मी वर्षभर मैत्रिणींना ऐकवत होते. राग अजून गेलेला नाही, तुझ्यासमोर बसून काढणार आहे.

आई म्हणाली, अजून लहान आहेस, थांब. मी म्हटलं, सात पेशी थांबल्या होत्या का? मग ती चप्पल घालून माझ्याबरोबर निघाली. काल रक्त दिलं. नळीवर माझा नंबर चिकटवला तेव्हा आईनं तोंड फिरवलं. निकालाला सहा आठवडे लागतील. शंभरात शून्य आल्या तरी जन्मभराची हमी कोणी देत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी फोनवर आधीच सांगून टाकलं.

आई म्हणते, तुला असलं विचारू नये. मी विचारते. निकाल काहीही आला तरी तो मला आधी तुला सांगायचा आहे, फोनवर नाही, तुझ्या उशाशी बसून. सहा आठवडे आहेत, मावशी. तेवढे थांबशील ना?

उत्तर लिहवत नसेल तर काज-बटणवाल्या बाईंकडून लिहून घे, पण खरं तेच लिही.
तुझी,
चिमणी