दोनशे पंख्यांचं गिऱ्हाईक

१७ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे बाबांचा रक्तदाब सोडला तर. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. राग नाकावर घेऊन गेलास. निदान वेळेवर जेवतोस तरी ना?

गोदाम अजून भरलेलंच आहे. उन्हाळा सरला आणि टेबलपंख्यांची खोकी छताला टेकलीत. बाबा येता-जाता त्या ढिगाकडे बघून तुझा उद्धार करतात. "किमतीवरून मागणी ठरते म्हणे! समीकरणं मांडून पंखे विकायला निघाला होता. बुडवला माझा कारखाना!" अर्ध्या कामगारांना घरी बसवलं, त्या दिवशी तर म्हणाले, "त्याने या घराची पायरी चढायची नाही." मी तिथेच भाजी निवडत बसले होते. मान वर केली नाही.

तुझं गणित आठवतंय मला. किंमत इतकी उतरवली तर गिऱ्हाईक इतकं वाढेल, म्हणून हंगामाआधी इतके पंखे करून ठेवायचे. जुन्या विक्रीचे आकडे तू माझ्याकडूनच घेतलेस. तेव्हा विचारलंही होतंस, "ताई, तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल फारच फुगलेला दिसतोय. नक्की खरा ना?"

मी फाडकन म्हटलं, "चार बुकं काय शिकलास, बाजार मला शिकवतोस?"

आता ऐक. त्या एप्रिलात बाबांशी भांडून मी किंमत उतरवली होती, आणि कारखान्याच्या दुकानात कुत्रंही फिरकलं नाही. त्यांच्यापुढे नाक कापलं जाऊ नये म्हणून बांगड्या मोडल्या आणि दोनशे पंखे मीच उचलले, बाहेरगावच्या व्यापाऱ्याच्या नावाने. अजून माझ्या सासरी मागच्या खोलीत आहेत, चादरीखाली. तुझं गणित बरोबर होतं रे. खोटं गिऱ्हाईक मी घुसवलं त्यात.

काल बाबांना सगळं सांगायचं ठरवून कारखान्यात गेले. तोंड उघडायच्या आत त्यांनी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. म्हणाले, "दोघांत तूच शहाणी निघालीस. यापुढे तू बघ."

धाकट्या, मी त्या घेतल्या.

माफ कर असं लिहीत नाही, तेवढं तोंड नाही मला. हे पत्र बाबांना दाखव; मी नाकारणार नाही. पण तू दाखवणार नाहीस. त्यांचं दुखणं वाढेल म्हणून गप्प बसशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. ठाऊक होतं म्हणूनच तर लिहायची हिंमत झाली.

तुझी म्हणवून घ्यायला लाजणारी,
ताई