फूफाजींच्या ओंजळीतल्या अक्षता

मुरलीपुरा, जयपूर
दि. ३ नोव्हेंबर २०२४

ती. गंगूअक्कास,
धाकट्या कोंडिबाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि असलं काही मला ओरडून सांगता येत नाही, म्हणून लिहितो. माझी चौथीपर्यंतची शाळा तुला ठाऊकच आहे. चुकलंमाकलं पोटात घाल.

आपल्या योगेशची उत्कर्षा लग्नाचे फोटो काढते. आता बावीस तारखेला बँकेतल्या राजनसाहेबांच्या प्रणिताचं लग्न आहे. ते मूळचे सांगलीकडचे. मुलगा इथला, राजपुतांचा चंदनसिंह. लग्न चाकसूच्या पुढे, मुलाकडच्यांच्या शेतावरच्या कोठीत, म्हणजे बंगल्यात. चहूकडे मोहरी, हाकेला दुसरं घर नाही.

अक्का, इकडे काही वरातींत हवेत बंदुका उडवतात. कायद्यानं बंदी आहे, पण शेतात कायदा कोण बघतो? गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला सुखदेव वरातीचे फोटो काढायला गच्चीवर चढला होता. गोळी उडवणाऱ्याच्या मनात काही नव्हतं, पण ती ह्याच्या खांद्यातून गेली. आता त्याला सदऱ्याची बाही बायको घालते. आणि आपली पोरगीसुद्धा शिडीवर चढूनच फोटो काढते.

मी जाऊ नकोस म्हणालो, तर ती म्हणते, आजोबांचं ऐकलं तर जन्मभर पासपोर्टचेच फोटो काढावे लागतील. योगेश नुसता हसतो. मला घास उतरत नाही. तू चार शब्द लिही, तुझं ती ऐकेल.

प्रकृतीला जप. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
कोंडिबा

•

रहिमतपूर
दि. ११ नोव्हेंबर २०२४

चि. कोंडिबास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

मी सांगते आणि शेजारची अनुया लिहिते. हसू आलं तर हसत लिहीत जा, असं मी तिला सांगितलंय.

तू लहानपणी वासराला भिऊन कडब्याच्या गंजीवर चढून बसायचास. वासरू गेल्यावरसुद्धा खाली उतरायचा नाहीस. तेव्हा मी तुला उतरवलं. आता तुझी नात वर चढते, तर तू तिला खाली ओढतोस. मी तिला अजिबात काही लिहिणार नाही.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण घरात बसून देव पाण्यात घालण्यापेक्षा तू तिच्याबरोबर जा. मुलीकडची माणसं थोडी असणार. अक्षता वाटायचं काम अंगावर घे. मांडवात फिरत राहशील, नजरही राहील आणि हात रिकामे नसले की भीतीला जरा कमी जागा मिळते.

कानटोपी विसरू नकोस. घरातल्या सगळ्यांवर माझा जीव आहे, तसाच तुमचा माझ्यावर राहू दे.

तुझी,
अक्का

•

मुरलीपुरा, जयपूर
दि. २५ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
कोंडिबाचा सा. न. वि. वि.

उत्कर्षा सुखरूप आहे, हे आधी लिहितो. म्हणजे पुढचं वाचताना तुला धाप लागणार नाही.

दुपारचा मुहूर्त होता. वरात कोठीच्या फाटकात आली आणि नवरदेवाच्या फूफाजींनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, दुनळी काढून दोन बार उडवले. भल्या मोठ्या मिशा, केशरी साफा, माणूस हसतमुख. मी अक्षतांचं ताट पाडता पाडता वाचलो. मग त्यांनी पुन्हा काडतुसं भरली आणि मांडवात येऊन उभे राहिले. लग्न लागलं की उडवणार, असं कुणाला तरी सांगत होते. समोर अंतरपाट धरला आणि उत्कर्षा शिडीवर चढली.

मी ताट घेऊन त्यांच्यापाशी गेलो आणि मोडक्या हिंदीत म्हणालो, की आमच्यात नवरदेवाच्या फूफाजींचा मान मोठा, मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत अक्षता धरायच्या. असा रिवाज कुठे आहे, अक्का? भीतीनं तोंडात आला तो बोललो. ते खूश झाले. त्यांनी ओंजळ पुढे केली आणि बंदूक दिली माझ्याच हातात!

आता ती धरायची कुठे? वर करावी तर पोरगी, आडवी धरावी तर माणसं. मी ताट खाली ठेवलं आणि नळी जमिनीकडे करून ती छातीशी कवटाळली. भटजींचा गळा गोड, एकेक ओळ लांबवत होते. त्या गोड गळ्याचा इतका राग मला जन्मात कधी आला नव्हता.

अक्षता पडल्या. फूफाजींनी हसत हात पुढे केला आणि माझी बोटं सुटेनात. मी सोडायला बघतोय, पण ती ऐकेनात. सगळं अंग थरथरू लागलं, नळी त्यांच्या बुटांवरून गुडघ्यापर्यंत हलायला लागली. माणसं मागे सरली. त्या वाघासारख्या माणसाचा चेहरा उतरला. हात जोडून, वडीलधाऱ्याला म्हणावं तसं म्हणाले, बाबोसा, हिलना मत, भरी हुई है। मग वाकून त्यांनी माझं एकेक बोट सोडवलं आणि तिथल्या तिथे काडतुसं बाहेर काढली. त्यांच्या बायकोनं ती ओढणीच्या गाठीत बांधली, ती मागूनही परत दिली नाहीत.

पुढे एकही बार झाला नाही. पण शंभर माणसांत माझं हसं झालं. उत्कर्षा येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. तिच्या कामाच्या जागी मी तिला मान खाली घालायला लावली. आता तूच तिची समजूत घाल.

तुझ्या आशीर्वादाची सावली असू दे.

तुझा भित्रा भाऊ,
कोंडिबा

•

(त्याच पाकिटात)

प्रिय आजी,
उत्कर्षाचा नमस्कार.

माझी मराठी हिंदी शाळेची आहे, मतलब सांभाळून घ्या. हे आजोबांना सांगू नका, नाहीतर ते मला परत शिडी चढू देणार नाहीत.

मी नाराज बिलकुल नव्हते. मंगलाष्टक सुरू व्हायच्या आधी मी कॅमेऱ्यातून खाली पाहिलं, तर फूफाजी बंदूक खांद्याला लावून बघत होते. ते नुसता सराव करत होते. पण नळीचं गोल तोंड सरळ माझ्याकडे होतं. मला ओरडता पण आलं नाही. तेवढ्यात आजोबा ताट घेऊन तिथे आले. गाडीत मी बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते.

सोबत मी शिडीवरून काढलेला फोटो पाठवते. फूफाजी वाकून आजोबांची बोटं सोडवत आहेत. फोटो हललेला आहे. आजोबा म्हणतात, त्यांचे हात थरथरत होते म्हणून. तसं असतं तर फक्त त्यांचे हात हलले असते. यात मागचा मांडवपण हललाय, आजी.

तुमची लाडकी राहू द्या,
उत्कर्षा