स्लाइडला पाय नसतात

झिंज, बहरीन

प्रिय पप्पा,

देवाच्या दयेने मी ठणठणीत आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? मम्मी तेल लावते ना?

नव्या नर्सेसना मी पेशंटजवळ नेऊन शिकवते, ते इथे खुपतंय. परवा सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "शर्लिन, वॉर्डात गर्दी नको. हॉलमध्ये स्लाइड दाखव, खलास."

मी म्हटलं, "मॅडम, तीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये बुरहाव्ह नावाचे डॉक्टर विद्यार्थ्यांना खाटेपाशी उभं करून शिकवायचे. युरोपभरातून मुलं त्यांच्याकडे यायची. ती काय वेडी होती?"

त्याच सकाळी इथल्या अस्कर गावातून आलेल्या एका कामगाराला विचारून मुलींनी त्याचे पाय दाबून पाहिले, तेव्हा कुठे सूज कळली. स्लाइडचे पाय कसे दाबणार?

वॉर्निंग मिळालीय. व्हिसाची काळजी तुम्ही करू नका, ती मी करते. उद्याही मुलींना खाटेपाशीच नेणार. केळीवरचा रोग तुम्ही तरी मला घरात बसून शिकवलात का? वाडीत नेलंत ना!

फार तर घरी पाठवतील. मग ओटीवर तुमची खाट आहेच. गावातल्या मुली जमवीन आणि पहिला धडा तुमच्या गुडघ्यावर देईन. तयार राहा.

तुमच्यावरच गेलेली,
शर्लिन